चौथं चाक

लोक चंद्रपूरला महाकालीच्या दर्शनाला जातात, नाहीतर ताडोब्यात वाघ बघायला. मी गेले ती मोटारीची चाकं आणायला, आणि तेही नवरा अंथरुणाला खिळलेला असताना. परत आल्यावर जो तो विचारायचा, काय काय पाहिलंत? चाकं, असं सांगितलं की समोरचा माणूस हसायचा आणि विषय बदलायचा. म्हणून एकदाचं नीट लिहून काढते आहे.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमच्या नागपूरच्या घरामागे पत्र्याची शेड घालून त्यात एक मोटार आणून ठेवली होती. इंग्रजांच्या काळातली, दोन दारांची, उघड्या टपाची. आलापल्लीच्या एका लाकूड-ठेकेदाराने ती कधीकाळी मिरवली होती. त्याच्या नातवाने ती भंगारात काढली आणि आमच्या गळ्यात मारली. बँकेतून आला की श्रीकांत चहा घेऊन थेट शेडमध्ये जायचा. मी तिला सवत म्हणायचे. आम्ही कॉलेजपासूनचे, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे करायचो. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही, पण त्यांनाही माझ्या अरे-तुरेपेक्षा त्या गाडीचा राग जास्त होता.

हळूहळू इंजिन बोलू लागलं. अंगाला गर्द हिरवा रंग चढला. पण गाडी उभी होती विटांवर, कारण चाकं आलीच नव्हती. ही चाकं तारांची असतात. सायकलच्या चाकासारखीच, पण तारा जाड आणि एकमेकींत गुंफलेल्या, आणि मधल्या भोकाला आतून बारीक दाते. हुबेहूब तशी नवी चाकं मुंबईत कोणीतरी बनवून द्यायला तयार होता. श्रीकांत म्हणाला, ह्या गाडीची होती तीच हवीत. "दुसऱ्याची कवळी लावून हसायचं का तिनं?" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

मग तो आजारी पडला. डॉक्टरांनी मला आत बोलावून जे सांगितलं, ते त्याला ठाऊक नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. घरात कोणी तो विषय काढायचं नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, दिवाळीला तुमच्या गाडीतून फिरायचं हं. श्रीकांतही हो म्हणायचा. आमच्या घरात त्या दिवसांत जेवढं खोटं बोललं गेलं, तेवढं उभ्या संसारात झालं नसेल.

अशात त्या नातवाचा निरोप आला. गाडी कायमची बंद पडल्यावर आजोबांनी चाकं कोणाकोणाला दिली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्याने कळवलं होतं. दोन चाकं बल्लारपूरच्या एका भंगारवाल्याकडे गेली. एक, बंगल्यावर मासे आणून देणाऱ्या ढिवराला दिलं. एक डोलू नावाच्या माडिया आदिवासी गड्याला, जो हँडल फिरवून गाडी सुरू करायचा. पाचवं, मागे अडकवायचं, पुरात गेलं.

श्रीकांत म्हणाला, "तू जा. देवराव येईल बरोबर."

मला संतापच आला. तुला असा टाकून चाकांमागे जाऊ? लोक काय म्हणतील, हेही मी म्हटलं. खरं तर लोकांचं मला कधीच काही पडलेलं नव्हतं.

"एकदा ती आपल्या चाकांवर उभी बघायची आहे," तो म्हणाला. "चालली नाही तरी चालेल."

माझी नणंद येऊन राहिली आणि मी निघाले.

भद्रावती

देवरावभाऊ ऑर्डनन्स फॅक्टरीतले निवृत्त टर्नर. वसाहतीपासून जवळच त्यांनी घर बांधलं आहे. श्रीकांतची आणि त्यांची दोस्ती कुठल्याशा गिअरच्या चाकावरून जमली आणि ती बायकांच्या मैत्रीपेक्षा चिवट निघाली. मी पोचले तेव्हा ते अंगणात एक लाकडी गट्टू घासत बसले होते. सागवानाचा, हाताच्या मुठीएवढा जाड, वरून दाते पाडलेले. गाडीच्या आसावर जसे दाते आहेत, अगदी तसे.

"हे चाकाच्या भोकात गेलं तर चाक आपलं," ते म्हणाले. "नाई गेलं, तर कितीबी चमकून राहो, सोडून द्याचं. पाहाचंच नाई तिकडं."

त्यांच्या बायकोने पाटवडीचा रस्सा केला होता. तो एवढा तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि आलं तसं मी बराच वेळ येऊ दिलं. त्या माऊलीने काही न विचारता पुन्हा वाढलं. निघताना तिने भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं दिलं आणि नवऱ्याला बजावलं, वहिनींना भंगाराच्या ढिगावर चढवू नका. अर्थात त्यांनी चढवलंच.

बल्लारपूर

बल्लारपूर डोळ्यांआधी नाकाला कळतं. कागदगिरणीचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास तिथल्या माणसांना म्हणे येतच नाही. आम्ही विचारत विचारत भंगारवाल्याकडे गेलो. मूळ माणूस वारलेला, मुलगा गादीवर. त्याने मोठ्या आदराने कोपऱ्यातून तारांची दोन चाकं काढली, फडक्याने पुसली आणि वर इतिहासही सांगितला. चाकं सुरेख होती. मी तर मनातल्या मनात घरी पोचलेसुद्धा. देवरावभाऊंनी गट्टू लावला. तो तोंडाशीच अडला. फिरवून पाहिला, तरी अडला.

"दुसऱ्या गाडीचे आहे," म्हणून ते उठले.

मी म्हटलं, थोडं घासून नाही का बसवता येणार? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाला खरकटा नैवेद्य दाखवायला सांगितलं होतं. त्याच वेळी एक हमाल सळ्यांनी भरलेली हातगाडी ढकलत फाटकातून आत आला. देवरावभाऊ पाहत राहिले, मग हातगाडीसमोर सरळ मांडी घालून बसले. तिची दोन्ही चाकं तारांची होती. तारांवर डांबर, ग्रीस आणि चिखल यांचे थर बसलेले. भंगारवाल्याच्या बापाने तीस वर्षं लोखंड वाहिलं ते आमच्या सवतीच्या पायांवर.

गट्टू आत गेला. खट् असा आवाज आला. इतका साधा आवाज.

हातगाडीला दुसरी चाकं बसवून देईपर्यंत हमाल तिथून हलला नाही. नवी चाकं त्याला पसंत पडेनात. जुनी हलकी चालत होती म्हणाला. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर आमचं एक चाक सुटलं आणि उतारावरून घरंगळत चहाच्या टपरीत शिरलं. चहावाल्याने ते शांतपणे पायाने अडवलं आणि आमचा चहा भरला. एस.टी.डी. बूथवरून घरी फोन केला. नणंदेने फोन त्याच्या उशाशी नेला. दोन मिळाली म्हटल्यावर तो एकदम म्हणाला, "तारा किती तुटल्यात?" मी कशी आहे, जेवले का, हे काही नाही. मला बरं वाटलं. हा माझा नेहमीचा नवरा होता.

तळ्याकाठी

ढिवराचं गाव मूल शहराच्या बाजूला, मालगुजारांनी बांधलेल्या जुन्या तळ्याच्या बांधाखाली. ह्या भागात गाव तिथे तळं. पाण्यावर धुकं आणि धुक्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभी असलेली माणसं, जाळं ओढणारी. आमच्याकडे पहाटे माणूस आधी देवाला हात जोडतो, इथे आधी पाण्याला. तळ्यात उतरताना प्रत्येकाने वाकून ओंजळ कपाळाला लावलेली मी पाहिली.

मासे देणारा म्हातारा गेला होता. त्याची सून सीताबाई अंगणात चुलीपाशी होती. चुलीवर, तीन दगडांवर, आमचं चाक आडवं ठेवलेलं. त्यावर जुनं जाळं अंथरलेलं आणि जाळ्यावर लहान मासे धुरावर वाळत घातलेले. देवरावभाऊंनी तोंडाला हात लावला.

"सासऱ्यानं आणलं तेव्हापासून चुलीवरच आहे," ती म्हणाली. "याच्यावरचे मासे जळत नाईत. खालून धूर सारका लागते."

चाक कोळशासारखं काळं होतं. पण देवरावभाऊंनी विळ्याच्या टोकाने थोडं खरवडलं, तर आत तार लखलखीत. इतक्या वर्षांची माशांची चरबी तारांवर चढली होती, आणि गंजाला शिरायला जागाच राहिली नव्हती. ह्या चाकाची जपणूक कोणी मुद्दाम केली असती तरी इतकी झाली नसती.

सीताबाईची अट एकच होती. तेवढीच गोल जाळी पाहिजे आणि तिच्यावर मासे जळता कामा नयेत. देवरावभाऊ मूलच्या बाजारात जाऊन लोहाराकडून जाळी करून घेऊन आले. तिने तिच्यावर एक घाणा वाळवून पाहिला, मगच चाक सोडलं. तोवर मी तिच्या पडवीत बसून भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि झिंग्यांची चटणी खाल्ली. तिने विचारलं, चाक कशाला पाहिजे? नवऱ्याला हौस आहे, म्हटलं. तो काऊन नाही आला? कामात आहे, म्हटलं. तिने आणखी भात वाढला. आपल्याकडच्या बायकांना खोटं ऐकू येतं, त्या फक्त तसं दाखवत नाहीत.

एटापल्लीच्या पुढे

ह्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन हे वाचतील आणि त्यांची भूक मला माहीत आहे.

आलापल्लीहून जीप केली. दुतर्फा साग, मग बांबू, मग नुसतंच रान. अधूनमधून पळस पेटायला लागला होता. नाक्यावर आमची झडती झाली. चाकं पाहून हवालदाराला काही वाटलं नाही, पण दातेवाला गट्टू त्याने रस्त्यावर ठेवायला लावला आणि सगळ्यांना चार पावलं मागे सरकवलं. सागवान आहे, असं देवरावभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी हवालदाराने मला विचारलं, हे नक्की काय आहे? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचा जीव. तो हसला आणि त्याने आम्हाला सोडलं.

गावातून सूरजागडचे डोंगर दिसतात, ओल्या विटेच्या रंगाचे. शाळेचे मडावी गुरुजी त्याच मुलखातले, माडिया बोलणारे. त्यांना सोबत घेऊन डोलूच्या घरी गेलो. डोलू वारला होता. मागे त्याची बायको जैनी, पाठीत वाकलेली, केस पांढरे, डोळे मात्र तरतरीत. जोहार झाला. तिने द्रोणातून आंबील दिली. मग गुरुजींनी चाकाबद्दल विचारलं.

ती उठली आणि चालू लागली. आम्ही मागोमाग. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली उभे दगड होते, काही कमरेएवढे, काही माणसाहून उंच. प्रत्येक दगड एका गेलेल्या माणसाचा. त्यांच्याकडे माणसाच्या वापरातल्या वस्तू त्याच्या दगडापाशी नेऊन ठेवतात. कुठे भोक पाडलेलं जर्मनचं पातेलं, कुठे छत्रीच्या काड्या. डोलूच्या दगडाला टेकून आमचं चाक उभं होतं. त्याच्या तारांतून एक वेल वर चढला होता.

जैनी सांगत होती आणि गुरुजी आम्हाला समजावत होते. डोलू तेव्हा तरणा होता. हँडल तो फिरवायचा, वाटेतली लाकडं तो हटवायचा, आणि गाडी निघाली की तिच्यापुढे धावायचा. ठेकेदाराने त्याला एकदाही गाडीत बसवलं नाही. चाक मिळालं ते त्याने घराच्या भिंतीवर अडकवलं आणि रोज संध्याकाळी हाताने फिरवायचा. गावाने विहिरीच्या कप्पीसाठी मागितलं, त्याने दिलं नाही. मी ऐकत होते आणि मला शेडमधला श्रीकांत दिसत होता. हे दोघे भेटले असते तर एकमेकांची भाषा न कळताही दिवसभर बसून राहिले असते.

देवरावभाऊंनी जैनीला खुणेने विचारून गट्टू लावला. खट्. तारा सगळ्या शाबूत. चारांत हेच सगळ्यात चांगलं होतं.

मी गुरुजींना म्हटलं, बदल्यात त्यांना काय हवं ते विचारा. गुरुजींनी विचारलंच नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं होतं. जैनीने मान हलवली. ही वस्तू डोलूला दिलेली आहे. ती देणं-घेणं आता तिच्या हातात नाही. कोणी नेऊन वापरली तर तो मागायला येतो, आणि एकटा परत जात नाही.

तेव्हा मी बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. "त्यांना सांगा, माझा नवरा जगणार नाही. त्याचे थोडे दिवस राहिलेत."

हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. देवरावभाऊ डोंगराकडे तोंड करून उभे राहिले.

जैनी माझ्याजवळ येऊन बसली. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. त्याचं दुखतं कुठे? जेवण जातं का? झोप लागते का? तुम्हाला लेकरं आहेत का? त्याला माहीत आहे का? नागपुरात इतक्या लोकांनी फळं आणली, पण हे असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. मग ती काहीतरी लांबलचक बोलली. गुरुजींनी ते आम्हाला सांगितलं.

"बाई म्हणून राह्यली, मंग इथून काऊन नेता? तुमचा माणूस तिकडं जाईलच. तिथं डोलूले भेटाचं अन् त्याले चाक मागाचं. तो देते. गाडी त्याले बी पाहाची आहे."

मी चाकाला हात लावला, वेल न तोडता. मग आम्ही तीन चाकं घेऊन परत फिरलो.

घर

वाटेत मी ठरवत आले की त्याला सांगायचं, चौथं हरवलं. पण घरी आल्यावर दुपारी त्याच्या उशाशी बसले आणि सगळं जसंच्या तसं सांगत गेले. हातगाडी, चूल, नाका. माशांच्या चाकाचा वास घेऊन तो हसला. मग मोहाच्या झाडांपर्यंत आले आणि थांबता येईना. जैनीचा निरोप सांगायचा म्हणजे तू जाणार आहेस, हे म्हणावं लागणार होतं. मी म्हटलं.

त्याने मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, मी काय करून बसले.

"नाव काय म्हणालीस?"

"डोलू."

"नीट सांग. आडनाव, गाव, सगळं. तिकडे गर्दी असेल."

आम्ही दोघं हसलो आणि मग दोघं रडलो, एकमेकांसमोर, दारही न लावता. त्यानंतर घरात खोटं बोलणं बंद झालं. त्याने सांगितलं, त्याला कुठल्याही नळीवर ठेवायचं नाही, अस्थी कुठल्या नदीत, शेडच्या किल्ल्या कोणाला. मी सांगितलं, मला भीती वाटते. तो म्हणाला, मलाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याशेजारी निवांत झोपले.

देवरावभाऊ येऊन राहिले. तीन चाकं धुतली, तारा ओढल्या, टायर चढवले. ज्या दिवशी बसवली त्या दिवशी श्रीकांतला खुर्चीवरून शेडमध्ये नेलं. गाडी तीन कोपऱ्यांवर आपल्या पायांनी उभी होती, चौथ्या कोपऱ्याखाली विटा. देवरावभाऊंनी हँडल फिरवलं. इंजिन सुरू झालं आणि सगळी शेड थरथरली. श्रीकांतने चौथ्या कोपऱ्याच्या मोकळ्या आसाच्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, बास.

होळीच्या आधी तो गेला.

आपल्याकडे माणूस गेला की त्याचा पसारा भराभर आवरतात. गादी, कपडे, काठी, तेराव्याच्या आत कोणाकोणाच्या घरी पोचतं. मीही दिलं. चष्मा तेवढा नणंदेने माझ्या हातातून घेऊन गाडीच्या पुढच्या खणात ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं तिला. गाडी मात्र मी दिली नाही, आणि हलवलीही नाही.

गेल्या पावसाळ्यात जुन्या गाड्यांचे दोन शौकीन पुण्याहून आले. गाडीभोवती फिरले, वाकून वाकून पाहिलं, देवरावभाऊंच्या कामाची तारीफ केली. मग विटांपाशी थांबले. त्यांच्यापैकी एकाकडे अगदी ह्याच बनावटीचं एक चाक होतं, तो ते नुसतं द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. त्यांना नवल वाटलं. एवढी सगळी अस्सल चाकं शोधलीत, आणि चौथं मिळालंच नाही का?

मी म्हटलं, मिळालं. ते घ्यायला तो स्वतः गेला.